संशयालाही कारण लागते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत बनावट चित्रफितींवर आलेला लेख आम्ही लक्षपूर्वक वाचला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले आवाज आणि चेहरे ओळखणे अवघड होत चालले आहे, हा त्यातला भाग बरोबर आहे. आमची तक्रार शेवटच्या दोन परिच्छेदांबद्दल आहे. 'कोणतीही चित्रफीत खोटी असू शकते, म्हणून कशावरच विश्वास ठेवता येत नाही. ज्ञान म्हणून काही नसतेच, असतात ती फक्त मते' असा निष्कर्ष तिथे काढला आहे, आणि त्याच्या पाठिंब्याला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन, वेदान्ती श्रीहर्ष, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आणि स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम यांना एका ओळीत उभे केले आहे. एवढ्या मोठ्या माणसांना एवढ्या छोट्या कामाला जुंपलेले पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. कापायचेच झाले तर मधला पाश्चात्त्य भाग कापावा, तराजूचा कापू नये.

आधी तर्क. दहावीच्या परीक्षेत वर्गातला कोणीही पहिला येऊ शकतो. म्हणून सगळेच पहिले येऊ शकतात असे कोणी म्हणत नाही. 'कोणतीही चित्रफीत खोटी असू शकते' या वाक्यावरून 'सगळ्याच खोट्या असू शकतात' या वाक्यावर मारलेली उडी त्याच जातीची आहे. निष्कर्ष दुसऱ्या वाटेने खरा ठरेलही, पण या वाटेने तिथे पोचता येत नाही. लेखात दोन वेगळे संशय एकमेकांत मिसळले आहेत: अमुक एका गोष्टीबद्दलचा सुटा संशय, आणि कशाहीबद्दलचा सरसकट संशय. सुटा संशय वाढवत नेला की सरसकट संशय तयार होतो, अशी समजूत आहे. ती का चुकते, हे संशयाचे भाग सुटे करून पाहिले की कळते.

ज्ञान कसे होते याचा विचार करणाऱ्या न्यायदर्शन या भारतीय परंपरेच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचाराच्या विषयांत, प्रमाण (कळण्याचे साधन) आणि प्रमेय (जे कळते ते) यांच्या लगेच नंतर संशयाचा नंबर लागतो, आणि त्याची व्याख्या जवळजवळ कारागिराने करावी तशी केली आहे. नेहमीचे उदाहरण खांब की माणूस, हे. संध्याकाळी वेताळ टेकडीवर, उजेड जाता जाता, लांब काहीतरी उभे दिसते. संशय व्हायला इथे काय काय लागते? समोर काहीतरी आहे, हे दिसलेले असावे लागते, तो धर्मी. त्याची उंची आणि सरळपणा दिसावा लागतो, म्हणजे खांब आणि माणूस या दोघांतही सापडणारा समान धर्म. या दोन्ही कोटी, म्हणजे पर्याय, आठवाव्या लागतात, म्हणजे खांब आणि माणसे पूर्वी पाहिलेली असावी लागतात. आणि हात-पाय किंवा लाकडाची ढोली, असे जे एकाकडेच असते ते विशेष दिसलेले नसावे, पण ते पाहण्याची इच्छा असावी. यातला एक भाग काढला की संशय उभाच राहत नाही. ज्याने जन्मात खांब पाहिला नाही त्याला 'हा खांब तर नसेल?' अशी शंका येणार नाही. चौथ्या भागातच संशय मिटवायची रीतही आहे: पुढे जा, हाक मारा, हलते का बघा.

थोडक्यात, सुटा संशय तीन-चार जाणिवांच्या पायांवर उभा असतो. सरसकट संशय त्याच पायांवर कुऱ्हाड चालवतो आणि तरी आपण उभे आहोत असे म्हणतो.

इथे घाई मात्र करू नये. संशयवाद्याला गप्प करण्याची सोपी, आणि वक्तृत्व स्पर्धांत हमखास टाळ्या घेणारी युक्ती म्हणजे 'काहीच कळत नाही, हे तुला कसे कळले?' असा उलटा सवाल. आपल्या लेखातल्या वाक्याला तो लागतो, कारण तिथे 'ज्ञान नसतेच' असे ठोकून सांगितले आहे. नागार्जुनाला तो लागत नाही. विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात त्याने हा वार आधीच ओळखून 'नास्ति च मम प्रतिज्ञा' असे म्हणून ठेवले आहे. माझे म्हणून काही म्हणणे नाही, तुमच्या म्हणण्यातून काय निघते तेवढे मी दाखवतो, असा त्याचा पवित्रा. ग्रीक संशयवादी परंपरेतला सेक्स्टस एम्पिरिकसही 'ज्ञान अशक्य आहे' असे म्हणत नाही. शोध चालू आहे, निर्णय राखून ठेवला आहे, असे म्हणतो. लेखात नागार्जुनाच्या नावावर जे मत टाकले आहे ते त्याने कधी घेतलेलेच नाही.

त्याचा खरा प्रश्न जास्त अडचणीचा आहे. वस्तू प्रमाणांनी कळतात. मग प्रमाणे कशाने कळतात? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर त्याला तिसरे लागते, तिसऱ्याला चौथे, ही अनवस्था. एकमेकांच्या आधाराने म्हटले तर अन्योन्याश्रय. आणि प्रमाणांना प्रमाण लागतच नाही म्हटले, तर बाकीच्या गोष्टींना का लागावे? सेक्स्टसने दिलेल्या, आणि अग्रिप्पा या ग्रीक संशयवाद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युक्तिवादांतही हीच तिहेरी कोंडी आहे. दोन संस्कृतींतल्या माणसांना एकच काटा बोचतो तेव्हा तो शब्दांचा खेळ म्हणून झटकून चालत नाही.

न्यायसूत्रांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथाच्या, दुसऱ्या अध्यायातले उत्तर तराजूचे आहे. तराजू मोजण्याचे साधन आहे, आणि वेळ आली की तो स्वतःही मोजला जातो. वात्स्यायनाने या सूत्रांवरच्या भाष्यात सोने घेतले: तराजूने सोन्याचे वजन ठरते, आणि मग तेच सोने घेऊन दुसरा तराजू तपासता येतो. प्रमाण आणि प्रमेय ही माणसांच्या नात्यांसारखी नावे आहेत. एकच बाई कोणाची सासू असते आणि कोणाची सून. यावर कोणीही म्हणेल की हा तर पुन्हा अन्योन्याश्रयच झाला. म्हणून भाजीवाल्याचा दांडीचा तराजू जरा जवळून पाहू.

दांडीच्या दोन भुजा असमान असल्या तर तराजू खोटा. पण रिकामा असताना तो अगदी सरळ दिसू शकतो, कारण हलक्या बाजूला पासंग बांधून पारडी समतोल केलेली असतात. दुसरा तराजू न आणता हा खोटेपणा पकडता येतो. बटाटे डाव्या पारड्यात आणि वजने उजव्या पारड्यात ठेवून मोजा, मग अदलाबदल करून पुन्हा मोजा. पहिल्या खेपेला १०२० ग्रॅम भरले आणि दुसऱ्या खेपेला ९८०, की भुजा असमान आहेत हे ठरले. वर, खरे वजनही त्याच खोट्या तराजूतून निघते: दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे, ९९९.८ ग्रॅम. (फरक थोडा असेल तर नुसती सरासरीही चालते, इथे ती १००० येते.) ३० सेंटीमीटरच्या भुजेसमोर दुसरी भुजा ६ मिलिमीटरने लांब असली की एवढा फरक पडतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला दोन पारडी नसतात. तिथे एकच वस्तू ताटलीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा तोच राहतो का ते पाहतात.

हीच युक्ती खोट्या वजनापुढे चालत नाही. किलोचे वजन तळातून पोखरून ९५० ग्रॅमचे केले असेल, तर अदलाबदल शंभरदा केली तरी दोन्ही बाजूंना तेच चुकीचे उत्तर येत राहील. तिथे वेगळी तपासणी लागते: शिक्का मारलेले लिटरचे माप काठोकाठ भरून पाणी. २० ते ३० अंश तापमानाला एक लिटर पाणी साधारण ९९६ ते ९९८ ग्रॅम असते. मापच खोटे निघाले तर? मग मापाची पाळी.

अन्योन्याश्रय हा दोष कधी असतो, हे इथे दिसते. तपासणीचे उत्तर आधीच ठरलेले असेल, तराजूने स्वतःला 'मी खरा' एवढेच म्हणायचे असेल, तर ती तपासणी पोकळ. पण अदलाबदलीच्या तपासणीत तराजू नापास होऊ शकतो, आणि होतो. स्वतःविरुद्ध साक्ष देऊ शकणाऱ्या साक्षीदाराला केवळ 'घरचा' म्हणून बाद करता येत नाही. अनवस्थेचेही तसेच. एकामागे एक अशी न संपणारी रांग लावायची गरज तेव्हाच पडते, जेव्हा प्रत्येक गोष्टीवर कारण नसताना शंका घ्यायची असते. इथे शंका येते ती विशिष्ट दोषाची, आणि प्रत्येक दोषाची तपासणी निराळी.

रांगेच्या टोकाला काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे किलोग्रॅम. २० मे २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र येथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल. भारताची प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. तो मूळ दंडगोल खरोखर एक किलोचा आहे का, हा प्रश्न विचारताच येत नव्हता, कारण किलोची व्याख्याच तो. तरीही १८८९ पासूनच्या शतकभरात त्याच्यात आणि त्याच्या प्रतींत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे तुलनेत दिसले. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगता येईना. शेवटी व्याख्या बदलून ती प्लांकच्या स्थिरांकावर, निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बसवली. ज्याच्यावर त्या वेळी शंका घेता येत नाही असे काहीतरी प्रत्येक वेळी लागते. पण ते कायम एकच लागते असे नाही. व्याख्येचा दंडगोलही खाली उतरवता आला, बाकीची मापे जागेवर होती म्हणून.

तत्त्वज्ञ व्हिट्गेनश्टाइनने १९४९ ते १९५१ या अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या आणि १९६९ मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांत बिजागरीचा दाखला आहे, तो याच्याशी मिळता आहे: दार हलायचे तर बिजागऱ्या जागच्या जागी राहायला हव्यात. आमच्या मते गेल्या शतकातले हे सर्वांत उपयोगी उत्तर. बाकीच्या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचा हिशेब झटपट करतो. देकार्तला लेखात संशयवादी म्हटले आहे. १६४१ च्या ग्रंथात त्याने स्वप्न आणि कपटी शक्ती यांची कल्पना केली ती संशयातून न ढळणारे काही सापडते का ते बघायला. सापडला तो एकटा 'मी'. बाहेरचे जग परत मिळवायला त्याला ईश्वर लागला, आणि त्यातले वर्तुळ (ईश्वर स्पष्ट कल्पनांच्या आधाराने, आणि स्पष्ट कल्पना ईश्वराच्या भरवशावर) आर्नो या समकालीनाने तेव्हाच दाखवून दिले. मूरने १९३९ मध्ये 'हा एक हात, हा दुसरा' असे म्हणून बाह्य जग सिद्ध केले. सिद्धता म्हणून हे लंगडे आहे, कारण हातांबद्दलच ज्याला शंका आहे तो हे आधारविधान घेणार नाही. त्यातला घेण्यासारखा भाग एवढाच, की संशयवाद्याची गृहीतके आपल्या हातांपेक्षा जास्त पक्की कशी, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकता येते. पटनमने १९८१ मध्ये 'पिंपात ठेवलेला मेंदू' ही कल्पना स्वतःलाच खोडते असे दाखवले. जन्मापासून पिंपात असलेल्या मेंदूच्या तोंडी 'पिंप' हा शब्द खऱ्या पिंपाला लागूच होणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. हुशार आहे, पण मेंदू काल रात्रीच काढून पिंपात टाकला असेल तर त्याचे शब्द अजून जुन्याच अर्थाचे असतात, आणि युक्तिवाद पडतो.

ड्रेट्स्कीचा १९७० चा झेब्रा विद्यार्थ्यांना आवडतो. प्राणिसंग्रहालयात पट्ट्यांचा प्राणी दिसला. हा झेब्रा आहे हे कळते, पण हे रंगवलेले खेचर नाही हे कळते का? ड्रेट्स्की म्हणतो, झेब्रा असल्याचे कळते, खेचर नसल्याचे कळतेच असे नाही. एवढी किंमत मोजून केलेली सुटका आम्हाला महाग वाटते. संशयाचे भाग आठवले तर इतकी धावाधाव लागत नाही: खेचर रंगवल्याची कोटी पुढे यायला काहीतरी निमित्त हवे, ओघळलेला रंग किंवा तसा लौकिक. निमित्त मिळाले की तपासा. गोल्डमनने १९७९ मध्ये विश्वासार्ह प्रक्रियेतून आलेला विश्वास समर्थनीय मानला. त्यात नेहमी राहून जाते ते हे, की विश्वासार्ह कोणत्या टप्प्यात? ट्रक मोजणारा भुईकाटा चोख असतो, पण त्यावर मंगळसूत्र ठेवले तर शून्य दिसेल.

आता उदयन आणि श्रीहर्ष. धूर दिसला की अग्नी असतो, हे सर्व काळी सर्व ठिकाणी खरे कशावरून, या प्रश्नावर दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा अनुयायी, उदयन न्यायकुसुमांजली या ग्रंथात म्हणतो: 'शङ्का चेदनुमास्त्येव न चेच्छङ्का ततस्तराम् । व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः ॥' शंका असेल तर अनुमान आहेच, कारण दुसऱ्या काळाची आणि दुसऱ्या ठिकाणची शंका घ्यायलाच अनुमान लागते. शंका नसेल तर प्रश्नच मिटला. शंका धावते ती व्याघातापर्यंत, म्हणजे स्वतःच्या वागण्याशी विसंगती येईपर्यंत. तर्क, म्हणजे अशी विसंगती दाखवणारा युक्तिवाद, ही तिची हद्द. बाराव्या शतकात श्रीहर्षाने, तुमचाच श्लोक थोडी अक्षरे बदलून म्हणतो असे सांगून, तो उलटवला: 'व्याघातो यदि शङ्कास्ति न चेच्छङ्का ततस्तराम् । व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिः कुतः ॥' विसंगती शंकेशीच व्हायची, तर ती असायला शंका असावीच लागते. मग विसंगतीने शंका संपते कशी?

न्यायपरंपरेतल्याच गंगेशाने चौदाव्या शतकात याची गाठ सोडवली. विसंगती शंकेशी नाही, शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी आहे. धूर हवा असला की तो न चुकता विस्तव पेटवतो, भूक लागली की अन्न घेतो, दुसऱ्याला पटवायचे असले की शब्द वापरतो. ज्याला धूर विस्तवानेच होतो याची शंका आहे, तो दर वेळी विस्तवाकडेच का जातो? तेव्हा त्याला शंका नाही. शंकेचे शब्द तेवढे त्याच्या तोंडी आहेत. (आपल्या लेखकानेही कशावरच विश्वास न ठेवता लेख नेमका आपल्याच कार्यालयाकडे पाठवला.) ह्यूमही १७३९ च्या ग्रंथात खोलीतल्या संशयातून उठून मित्रांबरोबर जेवतो आणि सोंगट्यांचा डाव मांडतो, त्याला ती निसर्गाने दिलेली सुटका वाटते. गंगेश तेच वागणे पुरावा म्हणून मांडतो.

पण हे उत्तर किती दूर जाते, तेही सांगायला हवे. माणूस खरोखर शंका घेत नाही, एवढे त्याने ठरते. ज्यावर तो शंका घेत नाही ते खरे आहे, हे ठरत नाही. त्यासाठी नैयायिक प्रवृत्तिसामर्थ्याकडे, म्हणजे कृती फळाला येते का याकडे, जातात: पाणी दिसले, गेलो, तहान भागली, म्हणून ते पाणी होते, मृगजळाने भागली नसती. अनोळखी जागी अशी खातरजमा लागते, ओळखीच्या जागी लागत नाही. घरच्या माठातले पाणी कोणी तपासून पीत नाही. मीमांसकांनी (वेदवाक्यांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांनी) याच्या उलट बाजू घेतली: ज्ञान मुळातच ग्राह्य, ते नाकारायचे तर दोष किंवा बाधक ज्ञान दाखवा. आणि स्वप्नातल्या पाण्यानेही स्वप्नातली तहान भागते, हा बौद्धांकडचा आक्षेप दोघांपुढेही उभा आहे. तो पुरता निकालात निघाला असे आम्ही म्हणणार नाही.

चित्रफितींकडे येऊ. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ रोजी आला, हे त्यानंतर जन्मलेल्या पुणेकरांना शब्दप्रमाणानेच, म्हणजे दुसऱ्यांच्या सांगण्यावरूनच, कळते. त्यावर भरवसा ठेवता येतो, कारण साक्षी एकमेकींवर अवलंबून नाहीत: त्या दिवसांची वर्तमानपत्रे, सरकारी कागद, पाहिलेल्या माणसांच्या आठवणी. शंभर जणांनी पुढे ढकललेला व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश मात्र एकच साक्षीदार असतो. व्हिट्गेनश्टाइनने एक थट्टा केली आहे, सकाळच्या पेपरातली बातमी खरी आहे याची खात्री करायला त्याच पेपराच्या आणखी प्रती विकत घेणाऱ्या माणसाची. पुढे ढकलणे ते हेच.

म्हणून शंकास्पद फीत आली की शंका कशाची, ते आधी ठरवावे: माणूस खोटा, आवाज खोटा, की खरीच फीत जुनी किंवा दुसऱ्या गावची? सर्वांत जास्त फसगत शेवटच्या प्रकारात होते आणि ती पकडणेही सर्वांत सोपे. दोन-तीन स्थिर चित्रे काढून प्रतिमा-शोधात टाकावीत आणि सर्वांत जुनी प्रत कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. दुकानांच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, सावल्यांची दिशा सांगितलेल्या जागेशी आणि वेळेशी जुळतात का पाहावे. त्याच घटनेचे दुसऱ्या कोनातून, दुसऱ्या माणसाने केलेले चित्रण शोधावे. भाषणाची फीत असेल तर मागचे-पुढचे सलग भाषण ऐकावे. पापण्या लवतात का, बोटे पाचच आहेत का, असल्या खुणांवर विसंबू नये. नव्या साधनांनी त्या चुका बऱ्याच सुधारल्या आहेत. उत्तर 'खरी', 'खोटी' किंवा 'अजून ठरत नाही' असे येईल. तिसरे उत्तरही तपासणीचेच फळ आहे. 'काहीच ठरवता येत नाही' हे वाक्य त्याच्यासारखे दिसते, पण ते न तपासता म्हणता येते, आणि खऱ्या फितीत सापडलेल्या माणसाला ते फार सोयीचे पडते.

शेवटी एक दुरुस्ती. लेखातल्या चौकटीत 'तर्कः शङ्कावधिर्मतः' ही ओळ श्रीहर्षाच्या नावावर छापली आहे, ती उदयनाची. श्रीहर्षाच्या ओळीच्या शेवटी 'कुतः' आहे. दुरुस्ती छापताना एवढा एक शब्द मुद्रितशोधकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावा. तीन शतकांचा वाद त्याच शब्दावर झाला आहे.

आपले,
तत्त्वज्ञानाचे काही अध्यापक, पुणे